खिडकीतून आलेली आग

मे महिना, मंगळवार, भर दुपार. जागा : बेसा, नव्या वस्तीतलं एक बैठं घर. पंचनाम्याला हजर : मी, माझा हवालदार, दोन पंच, अग्निशमन दलाचे एक अधिकारी आणि घरमालक. फाटकाबाहेर अर्धी गल्ली.

ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत दंगली पाहिल्या, प्रेतं पाहिली. पण भीती वाटली ती त्या घराच्या समोरच्या खोलीची. भिंती काळ्या, प्लास्टिक वितळून फरशीला चिकटलेलं आणि मधोमध एका म्हातारीची चप्पल. एकच.

घरमालक पस्तिशीचा. या खोलीत त्याने लेझर कटिंगची मशीन लावली होती. लाकडी आणि ॲक्रिलिकच्या नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या असलं काम तो घरूनच करायचा. सकाळी आग लागली तेव्हा खोलीत त्याची आई होती, ॲक्रिलिकवरचा कागद सोलत बसलेली. तिला रामदासपेठेतल्या दवाखान्यात हलवलं होतं. ती वाचेल का, हे डॉक्टर सांगत नव्हते.

मुलाचा जबाब सरळ होता. मशीन बंद होती, मी फाटकावर पार्सल द्यायला गेलो, परत येतो तर खिडकी पेटलेली. दवाखान्यात आजीनेही तेच सांगितलं, "कूलरातून आग आली गा बाबू. पहिले हवा येत होती, मंग आगच आली."

कूलर खिडकीत, बाहेरच्या बाजूने बसवलेला. म्हणजे आग बाहेरून लावली, असं सगळ्यांनीच धरलं.

त्याच संध्याकाळी ठाण्यात खबर आली. गल्लीच्या कोपऱ्यावर कपडे इस्त्री करणाऱ्याने समोरच्या घरातल्या माणसाला हातात डबकी, म्हणजे छोटा कॅन, घेऊन त्या खिडकीकडे पळताना पाहिलं होतं. हा शेजारी पन्नाशीचा, एका शाळेत शिपाई. मशीनच्या धुराने त्याची नात खोकायची, म्हणून दोन्ही घरांत रोजची भांडणं. आठवड्यापूर्वीच तो सगळ्या गल्लीदेखत ओरडला होता, "तुह्या कारखान्याले एक दिवस मीच आग लावतो!"

त्याला ठाण्यात आणलं. बाहेर माणसं जमली. वरून फोन सुरू झाले, अटक कधी दाखवता म्हणून. म्हातारी गेली असती तर खुनाचा गुन्हा आणि हा माणूस जन्मभर आत.

"डबकीत काय होतं?"

"पाणी, साहेब."

"मग सकाळपासून बोलला का नाहीस?"

"कोणं मानलं असतं? आग लावतो असं मीच तं बोंबललो होतो. पाणी फेकलं, आग अजूनच भडकली. मंग मले भेव वाटलं. डबकी माळ्यावर फेकली अन् दार लावून बसलो."

पाण्याने आग भडकली, हे त्याने आपणहून सांगितलं. खोटं बोलणारा सहसा असं अडचणीचं बोलत नाही. तो तयारी करून आलेला असतो. पण हा काही पुरावा नव्हे. माळ्यावरची डबकी जप्त केली. तिला पेट्रोलचा वास नव्हता, तरी प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता आणि गल्लीला थांबायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदाराला घेऊन पुन्हा घटनास्थळी गेलो. तो जळक्या कूलरमध्ये वाकून बघत होता.

"साहेब, याच्यात पंपच नाही."

"जळाला असेल."

"जळाला तरी लोंदा राहते ना खाली. इथं काहीच नाही. मे महिन्यात बिनपंपाचा कूलर कोण चालवते? मी पंप काढला तं बायको मलेच टाकीत बसवन."

पंप सापडला तो मशीनमागच्या बादलीत. लेझरची नळी तापते, तिला थंड ठेवायला पाणी सतत फिरवावं लागतं. मशीनचा पंप बिघडला म्हणून मुलाने कूलरचा पंप काढून तिथे लावला होता. मशीन उघडली. आत अर्धी कापलेली पाटी, कोळसा झालेली.

मुलाला समोर बसवलं. "मशीन बंद होती ना? मग ही पाटी अर्धी कशी?"

त्याने पाटी हातात घेतली. मग ती खाली ठेवली. "सुरूच होती साहेब. आईले म्हटलं, नुसतं लक्ष ठेव, मी आलोच."

"आणि कूलर कोरडा का?"

"पाणी सुरू असलं की प्लाय फुगते. म्हणून आधीपासूनच नुसता पंखा लावत होतो, पंप पडूनच होता. आपल्या इकडं सगळेच लावतात."

पुढचं अग्निशमन अधिकाऱ्यांनी जुळवून दिलं. कापताना लाकडाला बारीक ज्योत लागते. समोर जाणता माणूस असेल तर तो मशीन थांबवतो. आई कागद सोलत होती; ज्योत दिसली असती तरी बटण कोणतं ते तिला ठाऊक नव्हतं. ज्योत वाढली. धूर बाहेर फेकणाऱ्या पाइपात महिन्यांची काजळी साचली होती, ती पेटली. पाइपाचं तोंड नेमकं कूलरच्या बाजूला. कूलरने ठिणग्या आत ओढल्या, गवताच्या कोरड्या जाळ्या क्षणात पेटल्या आणि पंख्याने ती आग थेट म्हातारीच्या अंगावर फेकली. जाळ्या ओल्या असत्या, तर ठिणग्या तिथेच विझल्या असत्या. पंखा सुरूच होता, म्हणून शेजाऱ्याच्या डबकीभर पाण्यानंतरही आग भडकतच गेली.

आजी वाचल्या. उजव्या हाताची मूठ मात्र अजून वळत नाही. शेजाऱ्याला सोडलं. मुलावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. त्यानंतर मी कोणत्याही घरात अशी मशीन पाहिली की आधी पाइप कुठे निघतो ते पाहतो, मग अग्निशामक सिलिंडर कुठे टांगलाय ते, आणि मग मशीनसमोर कोण बसलंय ते. लोकांना आगीची भीती वाटते. आपल्या सवयीची कोणालाच वाटत नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या गल्लीत गेलो. मशीन पुन्हा सुरू झाली आहे. पाइप आता गच्चीवरून जातो, कूलर मागच्या खोलीत गेलाय, सिलिंडर दाराशी आहे आणि मुलगा काम संपेपर्यंत खुर्ची सोडत नाही. बरं वाटलं. मग समोर शेजाऱ्याकडे गेलो.

"पोरं अजूनही 'आगलाव्या' म्हणतात साहेब. तुम्ही सोडलं, गल्लीनं नाही सोडलं." तो समोरच्या घराकडे न बघता बोलत होता. "एक सांगतो. आता तिथं धूर दिसला, तं मी दार लावून घेईन. पाण्याची डबकी उचलणार नाही."

मी वळून समोरच्या घराकडे पाहिलं. सिलिंडर रिकामा निघाला, मुलगा बाहेर असला, तर त्या गल्लीत धावून येणारा पहिला माणूस आता कमी झाला होता.

मी परत मुलाकडे गेलो. म्हटलं, आईला सोबत घे, त्याच्या फाटकात उभा राहा आणि चार लोकांदेखत सांग, हा माणूस पाणी घेऊन आला होता.

"जातो ना साहेब. या रविवारी नक्की."

मध्ये फक्त एक रस्ता आहे. मुलगा तो ओलांडून अजून गेलेला नाही.