धुळीचं रजिस्टर

कारखाना चालू असताना किस्से सांगायला कोणाला फुरसत नसते आणि तो बंद पडला की किश्शांशिवाय हाती काही राहत नाही. वाशीमच्या स्टँडजवळ आम्ही चार-पाच जुने लोक चहाला जमतो. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. पूर्वी पोट धरून हसायचो. आता प्रल्हादला हसलं की खोकला येतो, म्हणून आम्ही बेतानंच हसतो.

आमच्याकडे छपराचे सिमेंटचे पत्रे व्हायचे. त्यात ॲस्बेस्टॉस पडायचं. त्याची धूळ छातीत बसते, म्हणून कोण किती दिवस धुळीत होता, हवा कशी होती, छातीचा एक्स-रे कसा आला, हे सगळं मालकाने लिहून चाळीस वर्षं जपायचं, असा नियम. मालकाच्या वतीने लिहिणारा मी, टाइमकीपर.

*

सगळ्यात जास्त धूळ पोती फोडायच्या खोलीत. तिथल्या माणसांना एकदा चांगले मास्क आले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळ्यांच्या तोंडाला दुपट्टेच. प्रल्हादला विचारलं, "मास्क कुठाय?"

"घरी ठेवला, बाबू. इतका भारी मास्क इथं काहून खराब करू? सोयाबीनच्या फवारणीले लागते."

मी हसलो आणि 'वापरतो' या रकान्यात बरोबरची खूण केली.

*

धूळ मोजायचं एक छोटं यंत्र होतं. ते कामगाराच्या कॉलरला दिवसभर लावायचं. रिसोडचे सत्तारभाई प्रल्हादच्याच खोलीत होते, त्यांना लावलं. संध्याकाळी आकडा असा आला की मॅनेजरसाहेब खुश! इतकी स्वच्छ हवा त्यांच्या केबिनमध्येही नव्हती.

मी सत्तारभाईंना बाजूला घेतलं. म्हणाले, "बाबूजी, ते लय गुरगुरते. कामात खलल नको म्हनून सकाळीच कँटीनच्या खुंटीले टांगून देल्लं."

तोच आकडा मी रजिस्टरात उतरवला. वर मॅनेजरसाहेबांनी पुढच्या वेळीही सत्तारभाईंनाच यंत्र द्यायला सांगितलं.

*

आता प्रल्हादचं सांगायला हवं. तो रिठदचा. खरं म्हणजे नोकरी त्याच्या थोरल्या भावाला, सुभाषला लागली होती. सुभाषला चार भिंतींत करमेना. आठ दिवसांत तो शेताकडे पळाला. पण लागलेली नोकरी सोडायची कशी? म्हणून त्याच्या कार्डावर धाकटा येऊ लागला. तोंडवळा सारखा, गेटवाला त्याच गावाकडचा. आत सगळे त्याला प्रल्हादच म्हणायचे. सुभाष फक्त माझ्या रजिस्टरात होता.

मी हटकलं तेव्हा प्रल्हाद म्हणाला, "एकाच घरची भाकर हाय बाबू, कोनीबी कमावली तं काय होते?"

मलाही ते पटलं होतं.

*

वर्षातून एकदा एक्स-रेची गाडी यायची. डॉक्टर कार्डावरचा फोटो निरखून बघायचे. त्यामुळे त्या दिवशी मात्र खरा सुभाष आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर! दरवर्षी छाती साफ. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून सगळ्यांना दाखवायचे, "हा बघा. इतकी वर्षं धुळीत आहे, पण छाती कशी शेतकऱ्यासारखी!"

आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. प्रल्हादही हसायचा. तेव्हा त्याला खोकला नव्हता.

*

तपासणी लागली की मी तीन महिन्यांची धूळ एका दुपारी लिहायचो. तीन वेगवेगळी पेनं वापरायची, म्हणजे शाई एका दिवसाची वाटत नाही. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. तपासायला आलेले साहेब एकदा म्हणाले, "रेकॉर्ड असावं तर असं." कंपनीने मला त्याबद्दल स्टीलचा डबा दिला. बायको त्यात अजून पोहे ठेवते. मला तो डबा बघवत नाही.

*

मागच्या महिन्यातली गोष्ट. प्रल्हाद आता दहा पावलं चालला की बसतो. अकोल्याच्या डॉक्टरांनी धुळीचा आजार म्हणून लिहून दिलंय. भरपाई हवी तर तो त्या खोलीत होता याचा पुरावा पाहिजे. बाकी कागद कंपनीबरोबर गेले, धुळीची रजिस्टरं तेवढी मी घरी आणली होती. ती घेऊन आम्ही तिघं, दोघे भाऊ आणि मी, वाशीमला भरपाईच्या कचेरीतल्या साहेबांपुढे उभे राहिलो.

सुभाषने हात जोडले. "साहेब, नाव माहं हाय, पन खोलीत हा होता. मी आठ दिवसाच्या वर गेलोच नाई."

साहेब भला माणूस. पानं उलटत म्हणाले, "तोंडी सांगून कसं चालेल? रजिस्टरात तर प्रल्हाद नावाचा माणूसच नाही." मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "थांबा. इथं दर महिन्याला कामगाराचा अंगठा आहे की. नाव कोणाचंही असो, अंगठा तर जो आत होता त्याचाच असणार. जुळवून पाहू."

सुभाषने भावाच्या पाठीवर हात ठेवला. "पाह्य, म्या म्हनलं होतं ना, बाबूचं रजिस्टर कामी येईन."

साहेबांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. प्रल्हादने अंगठा सदऱ्याला पुसला. टेबलापर्यंत यायला त्याला वेळ लागत होता.

मी मध्ये उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, त्याचा नका घेऊ. माझा घ्या."