मिठागरातला गुलाबी जंतू

सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण मी गेली कित्येक वर्षं घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवते, आणि झकास शिकवते असं मुलं म्हणतात. आकार बघा, रंग कुठला धरतो ते बघा, कुठली साखर खातो ते तपासा, मग तक्त्यात शोधा. आता जनुकं वाचता येतात, त्यामुळे जुनी कुळं मोडली, कित्येकांची नावं बदलली. हे सांगताना मी हसते. एका जंतूला माझ्यामुळे नावच मिळालं नाही, हे मात्र वर्गात कधी सांगितलेलं नाही.

एम.एस्सी.ला माझी एक मैत्रीण होती. राहायला चारकोपला, वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले, गाव मालवणकडे. मे महिन्यात तिने मुलुंडच्या मिठागरातून खारट चिखल आणला आणि त्यातून काचेच्या झाकणाच्या प्लेटींमध्ये गुलाबी ठिपके वाढवले. फार हळू वाढायचे. बारा-बारा दिवस ती त्या प्लेटींपाशी घुटमळायची. तक्त्यातल्या कुठल्याच नावाशी तो जंतू जुळत नव्हता. "नवीन निघाला ना, तर नाव मी ठेवणार हां," म्हणायची. नवं नाव मान्य व्हायचं तर जिवंत नमुना जंतूंच्या संग्रहात जमा करावा लागतो, हे तिने मला दहादा ऐकवलं होतं.

गणपतीला ती गावी निघाली. "माझ्या प्लेटी सांभाळ गं. नुसतं बघ, हात नको लावू."

मी वर्गात पहिली येणारी. नुसतं बघणं मला कुठलं जमायला! तिच्या आधी आपणच ओळखून दाखवू, म्हणून चाचण्या लावल्या. जंतू वाढवायचं मीठ घातलेलं खाद्य बनवायला अर्धा दिवस गेला असता. फ्रिजमध्ये साधं तयार होतं, तेच वापरलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर काही धड दिसेना. चाचणीच्या नळ्यांमध्ये मात्र दुसऱ्याच दिवशी भरघोस वाढ. तक्ता लावला, तर हवेत, कातडीवर, कुठेही सापडणारा सामान्य जंतू निघाला. म्हणजे बाहेरचा जंतू शिरून प्लेटी खराब झाल्या. आणि खराब प्लेट ठेवायची नाही, हा आमचा शिरस्ता. शनिवारच्या सफाईत मी त्या सगळ्या वाफेच्या यंत्रात घातल्या. त्यातून काही जिवंत बाहेर येत नाही.

सोमवारी नळ्या धुताना डोक्यात प्रकाश पडला. इतक्या मिठात जगणाऱ्याला बिनमिठाचं पाणी मिळालं की त्याच्या पेशी फुटतात. तिचा जंतू माझ्या नळीत शिरताक्षणी मेला होता. वाढला तो माझ्याच हातावरून शिरलेला. तिच्या प्लेटी चांगल्याच होत्या.

ती परत आली, माझ्यासाठी काजू घेऊन. "अगं, तुझ्या प्लेटींची वाट लागली होती, टाकून दिल्या," मी म्हटलं. ती रडली नाही. स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाली, "माझाच हात कच्चा, यार."

तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही. पहिली येणारी मुलगी अशी चूक कशी करेल, एवढाच तो माज. पुन्हा चिखल आणायला आम्ही दोघी गेलो, तर पावसाने मिठागरं पाण्याखाली. पुढच्या मे महिन्यात आणलेल्या चिखलात तो ठिपका आलाच नाही. पदवी घेऊन तिने प्रयोगशाळा सोडली ती कायमची, आणि विम्याच्या कचेरीत चिकटली. आम्ही अजून फोनवर बोलतो. दर वेळी मी सांगायचं ठरवते, आणि दर वेळी तिच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवते. मला माझी लाज वाटते.

यंदा तिची मुलगी आमच्याच विभागात आली. पहिल्या प्रात्यक्षिकाला प्लेटचं झाकण उचलायलाच तयार नाही.

"घाबरतेस काय गं?" मी विचारलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आई म्हणते, आमच्याकडे हातच कच्चा. जपून कर."

मी तिची बोटं धरून झाकण किती उचलायचं ते दाखवलं. "जमेल तुला," म्हटलं. एवढंच म्हटलं.