न काढता घासलेली पट्टी

रघुनंदनरावांच्या घरी दर शुक्रवारी देवाची भांडी चिंचेने घासली जात, आणि निवृत्तीनंतर ते काम त्यांनी हौसेने आपल्याकडे घेतले होते. मुलगा सुहास याने कारवारहून जुनी शिडाची होडी आणून बेळ्ळंदूरच्या घरापुढे ठेवली, तेव्हा डोलकाठीचे दोर धरणाऱ्या तिच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्याही त्यांनीच घासल्या. दारावरची पितळी पाटी घासावी, तशा न काढता. वरचे मिठाचे थर गेले आणि पट्ट्या लखलखू लागल्या.

काल सुहास लेकीला, शलाकाला घेऊन होडीसह कारवारला गेला. जाताना त्याने एक सैल पट्टी बदलली. जुनी आज रघुनंदनरावांनी घासायला घेतली आणि पहिल्यांदाच उलटी केली. होडीला टेकणाऱ्या त्या बाजूवर ओलसर पांढरी भुकटी साचली होती. त्यांनी काडीने ती खरवडली, तर काडी आरपार गेली.

"अय्यो! आणि दुसरी हो?" त्यांच्या पत्नी वसुमतीबाईंनी विचारले.

"होडीवरच आहे. चांगली चमकतेय म्हणून त्याने ठेवली."

त्यांनी घाईने फोन लावला. शलाकाने उचलला.

"आजोबा, आम्ही केव्हाच समुद्रात निघालो! तुमची पट्टी उन्हात काय चमकतेय!"

"शलाका, बाबाला सांग, शीड उतरव! आत्ताच्या आत्ता!"

"काय? स्वल्प मोठ्याने बोला ना!"

ते जिवाच्या आकांताने ओरडले. पलीकडून फक्त वारा ऐकू येत होता, आणि तो वाढत होता.