भाऊंच्या नावची चिठ्ठी

नरहर गेला त्याला आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी त्याच्या मुलीचा फोन मला पावणेबाराला आला. "अंकल, पापा की चिट्ठी पे साढ़े ग्यारह लिखा है. पंद्रह मिनट ऊपर हो गए. आप ज़रा देख लेंगे क्या?" आवाजात घाबरणं नव्हतं. त्या घराचा नियमच होता, की वेळ टळली तर वाट पाहायची नाही, कोणाला तरी लगेच सांगायचं. मी स्कूटर काढली. दवाखाना दहा मिनिटांवर. नरहर रक्तदाब मोजून घ्यायला गेला होता आणि नंबर लागायच्या आधीच बाकावर एका अंगाला कलंडला होता. डॉक्टर बाहेर आले, मला पाहिलं आणि हात पुसत म्हणाले, "आप इनके भाई हैं?"

नाही म्हणालो. भाऊ दुसरे आहेत...

नरहर खानझोडेला रायपुरातल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांत ओळखत होते. डाव्या मनगटापुढे हात नसलेला, उजव्या हातानं फटाफट स्कूटी चालवणारा, सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यातला उंच माणूस. हात गेल्यावर त्याला भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. हात कसा गेला हे विचारलं तर तो म्हणायचा, "झाडाशी भांडलो." लोक हसायचे, विषय संपायचा. मीही हसायचो. अठरा वर्षं हसलो. आज तो विषय मला पुन्हा काढायचा आहे. का, ते लेखाच्या शेवटी कळेलच.

नवं राज्य झालं तेव्हाचे ते दिवस. आमच्या सरकारी कचेरीत रोज नवे नकाशे यायचे, आम्ही ड्राफ्ट्समन लोक मान वर काढत नव्हतो. शहर रोज थोडं ओळखू न येण्यासारखं होत होतं आणि अशात नरहरला नावेचं वेड लागलं. धमतरीपुढच्या धरणावर त्यानं काठावर बसून गळ टाकला होता, पण मोठा मासा आत असतो, खोल पाण्यात, हे त्याच्या डोक्यात बसलं. कुठूनशी जुनी फायबरची छोटी नाव आणि तिच्यामागे लावायचं इंजिन त्यानं आणलं. माणूस शिस्तीचा. तीन रविवार आम्ही कमरेएवढ्या पाण्यातच नाव फिरवली. उभं राहायचं नाही. वजन मध्ये ठेवायचं. एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायचं. लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत बांधायचं, शिटी त्यालाच अडकवायची. झाड आलं तर वल्ह्यानं ढकलायचं, हातानं नाही. मी चुकलो की खेकसायचा, "सुध्या, तू कागदावर धरण काढतोस, पाण्यात पाय ठेवाले घाबरतोस का रे?"

पण त्याचा सगळ्यात मोठा नियम पाण्यातला नव्हता, काठावरचा होता. कारखान्यात भट्टीच्या आत दुरुस्तीला माणूस उतरतो तेव्हा आपल्या नावाचं पितळी टोकन बाहेरच्या फळ्यावर खिळ्याला लावून जातो. बाहेर आला की स्वतःच्या हातानं काढतो. फळ्यावर टोकन आहे तोवर माणूस आत आहे असं धरायचं आणि दुसऱ्या कोणी त्या टोकनाला हात लावायचा नाही. नरहर म्हणायचा, पाण्याचंही तसंच. आपण कुठे उतरलो, किती जण, परत किती वाजता, हे बाहेरच्या एका माणसापाशी लिहून पाहिजे. आणि तो माणूस वेळ पाळणारा पाहिजे.

तसा माणूस त्याच्या दृष्टीनं एकच. त्याचे थोरले भाऊ, यशवंतभाऊ. रेल्वेतून निवृत्त, घड्याळाचे पक्के. पण नावेवरून दोघांची जुंपली होती. भाऊ म्हणाले होते, "लेकरू लहान आहे तुझं, आणि तू मासोळ्यांमागं पाण्यात जाऊन राहिला?" नरहर उलट बोलला होता. म्हणून पहिल्यांदा खोल पाण्यात जायच्या आदल्या शनिवारी त्यानं चिठ्ठी माझ्या हातात दिली. कारखान्यात परमिट ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या पाकिटात. "तू त्यांच्याच गल्लीतून जाते. देऊन दे. मी गेलो तर पुन्हा भांडण होईल." त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गोंदियाला होती. घरी दुसरं कोणी नव्हतं.

चिठ्ठीत होतं, पाच वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर खालच्या नंबरवर सांगा. नंबर धरणाकाठच्या गावातल्या किराणा दुकानाचा. तिथून केंवटांची, म्हणजे तिथल्या कोळ्यांची, नाव निघाली असती.

मी संध्याकाळी तेलीबांध्याला भाऊंच्या फाटकापर्यंत गेलो. दारात माझ्या आईच्या चपला होत्या. ती वहिनींजवळ वाती वळत बसली होती, आवाज बाहेर येत होता. इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील जाऊन सात महिने झाले होते. आमच्याकडे वर्ष पाळत होते. मी थोरला. मासे खाणं सोडा, गळ हातात धरणंही आईला सहन झालं नसतं. तिला मी सांगितलं होतं, रविवारी राजिमला जातो, संगमावर, बाबांच्या नावानं. आणि भाऊंची सवय अशी, की हातात आलेला कागद मोठ्यानं वाचायचा. लग्नपत्रिका असो की विजेचं बिल, घरभर ऐकू जायचं.

फाटकाची कडी मी उचलली होती. ती हळूच खाली ठेवली. वाटलं, सकाळी जाताना देऊ. सकाळी पहिल्या बसच्या घाईत वाटलं, काय होणार आहे...

दुपारी दोनपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं. काठ इतका लांब गेला की झाडं हिरव्या रेघेसारखी दिसत होती. निघतानाच नरहरनं विचारलं होतं, "चिठ्ठी दिली ना?"

"हव," मी म्हणालो.

एवढंच. दोन अक्षरं. त्यानं पुन्हा विचारलं नाही, पुढची अठरा वर्षं सुद्धा नाही.

तीनच्या सुमारास वारा उठला. पाण्याखाली कुणाचं तरी तुटलेलं नायलॉनचं जाळं होतं, ते पंख्याला गुंडाळलं आणि इंजिन बसलं. वारा आम्हाला पलीकडच्या अंगाला रेटत गेला, जिथं धरण भरलं तेव्हा बुडालेल्या जंगलाचे खुंट अजून उभे आहेत. मी मागं वाकून जाळं कापत होतो. एक जाडजूड खुंट सरळ माझ्या बाजूला येत होता आणि मला दिसलाच नाही. नरहरनं वल्हं शोधलं नाही. हात पुढे केला. नावेची कड आणि खुंट यांच्या मध्ये तो हात आला... तो आवाज मी इथे लिहीत नाही.

मी रुमाल बांधला, नाव दोरानं खुंटाला बांधली. इंजिन चालू होईना, आणि एका वल्ह्यानं त्या वाऱ्यात काठ गाठणं शक्य नव्हतं. मी शिटी फुंकायला लागलो तर तो म्हणाला, "आता दम नको घालवू. पाचनंतर वाजव. तेव्हा नाव निघालेली असेल." चेहरा पांढरा पडला होता, पण उजवा, घड्याळाचा हात गुडघ्यावर नीट ठेवलेला. मला दिसेल असा. साडेचार. पावणेपाच. "भाऊ आता फोनपाशी बसले असतील पाह्य." पाच. "आता लावला असेल." सव्वापाच... माझ्या जॅकेटखाली, शर्टाच्या खिशात ते प्लास्टिकचं पाकीट होतं. श्वास घेतला की छातीला लागायचं. अजूनही सांगता आलं असतं. सांगून नाव आली नसती, पण त्याचं वाट पाहणं तरी थांबलं असतं. मी सव्वापाचला शिटी फुंकली, अंधार पडेपर्यंत फुंकली, कारण तोंडात शिटी असली की बोलावं लागत नाही.

सकाळी जाळी उचलायला आलेल्या एका केंवटाला आम्ही दिसलो. रायपूरला पोचेपर्यंत दहा वाजले. डॉक्टर म्हणाले, कालच संध्याकाळी आणलं असतं तर हात राहिला असता.

यशवंतभाऊ डबा घेऊन धावत आले. नरहरनं त्यांना पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. भाऊ बाहेरच्या व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. डबा तसाच हातात. "सुधाकर, हा माझ्यावर काहून रागावून राहिला रे? नावेवरून बोललो म्हणून?"

"मले काय माहीत, भाऊ."

फाटकाची कडी खाली ठेवली ती भीती होती. नावेतलं हव म्हणजे भ्याडपणा. पण व्हरांड्यातल्या या चार शब्दांना मला नाव सापडत नाही. तेव्हा एका वाक्यानं दोन भाऊ एकमेकांना परत मिळाले असते.

पुढे काही महिन्यांनी नरहर एकदाच बोलला. "भाऊंनी वाचून ठेवून दिली असेल. रागात माणूस करते तसं. तू कोणाले सांगू नको, त्यांची इज्जत जाईल." मी मान हलवली. तो भाऊंच्या दारात पुन्हा गेला नाही. वहिनी वारल्या तेव्हा स्मशानात लांब लिंबाखाली उभा राहिला आणि राख होण्याआधी परतला. त्यानं कधी कारण सांगितलं नाही, म्हणून लोकांनी स्वतःच कारण शोधलं. धाकट्याचा हात गेला आणि थोरल्यानं पाहिलं नाही, असं आपल्या लोकांत बोललं गेलं. हळदीकुंकवांत, पंगतीत. मी त्या पंगतींत जेवलो आहे.

नरहरनं नाव विकली. पण घराच्या दाराशी एक खिळा ठोकला. घरातून जो कोणी बाहेर जाईल त्यानं चिठ्ठी लावायची, परत आल्यावर स्वतः काढायची. मुलगी कॉलेजात असताना कुरकुरायची, "पापा, मैं ट्यूशन जा रही हूँ, समुंदर में नहीं." तो हसायचा आणि कागद-पेन पुढे करायचा. भाजी आणायला जाताना मीही तिथं कितीदा चिठ्ठी लावली असेल.

तेराव्याला यशवंतभाऊ आले. आता काठी टेकत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दाराशीच खुर्चीवर बसले, बरोबर खिळ्याखाली. जेवणं झाली, लोक पांगले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. "भाऊ, ही तुमची चिठ्ठी. मी द्यायची होती."

त्यांनी ते चाचपलं. डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं. "दिसत नाही मले. वाच."

"भाऊ..."

"मोठ्यानं वाच."

मी वाचलं. कुठून उतरलो, दोन माणसं, पाच वाजता, दुकानाचा नंबर. मग शेवटच्या दोन ओळी. त्या मी इतक्या वर्षांत पाठ केल्या होत्या, तरी कागदावर बोट ठेवून वाचल्या. "भाऊ, तुम्ही माझ्यावर चिडले आहात. पण वेळेवर उठून जाणारा माणूस मला दुसरा माहीत नाही." नरहरची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मराठी सगळं समजतं.

मग मी राहिलेलंही सांगितलं. आईच्या चपला, हव, व्हरांडा. भाऊ ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले, "पाचले मी घरीच होतो. चहा घेऊन राहिलो होतो." आणि शेवटी, "मी गेलो असतो रे. सायकलवर गेलो असतो."

मी पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "माफी-बिफी राहू दे. माझ्याच्यानं होणार नाही. तू हे छापून दे. आता या वयात मी कोणाकोणाले सांगत फिरू, की मी तसा नव्हतो म्हणून?"

म्हणून हे छापायला दिलं आहे. यशवंतभाऊंना चिठ्ठी मिळालीच नव्हती. ज्यांनी ज्यांनी पंगतीत काही ऐकलं असेल, त्यांनी ते माझ्या नावावर करून घ्यावं. नरहर हे न कळता गेला, त्याला आता इलाज नाही.

निघताना भाऊ म्हणाले, "लाव ती तिथं." खिळ्यावर नरहरची शेवटची चिठ्ठी तशीच होती. दवाखाना, साडेअकरापर्यंत परत. मुलीनं कोणाला हात लावू दिलेला नाही, कारण ज्यानं लावली त्यानंच काढायची. तिच्यावर मी ही दुसरी अडकवली. प्लास्टिक जाड, खिळ्यातून जाईना, दोनदा दाबावं लागलं.

दोन्ही चिठ्ठ्या अजून तिथंच आहेत. भाऊ रोज संध्याकाळी रिक्षानं तिथं येतात, पाचला पाच मिनिटं कमी असताना, आणि त्यांच्याखाली बसतात. मी त्या वेळी जात नाही.