गोकर्णाचे गुडघे

हे मी पोरीलेही सांगितलं नाही. शेजारच्या मास्तरलेही नाही — अन् बायको गेल्यावर मी कुठं कुठं बसून रडलो, हे तर त्या माणसाले सगळं ठाऊक आहे. आज लिहून राह्यलो. सातवी शिकलेला माणूस आहे, चुकलं तर समजून घ्या. म्हणजे लिहिण्यात चुकलं तर. बाकीचं समजून घ्या, असं म्हणत नाही.

बासष्टाव्या वर्षी मले शुगर निघाली. डॉक्टरनं रोज चालायले सांगितलं. आमच्या सोनाळ्यात बिनकामाचं चालायची एकट्याले लाज वाटे, म्हणून बायकोले — गोकर्णाले — सोबत घेतलं. शेजारी खेळाचे मास्तर राहतात, रिटायर झालेले. त्यांनी आम्हाले चालायची शर्यत शिकवली. धावायचं नाही. एक पाय कायम जमिनीले टेकलेला पाहिजे, अन् पुढं टाकलेला पाय गुडघ्यात सरळ. माझा गुडघा वाके. तिचा नाही. जन्मभर डोक्यावर पाण्याच्या गुंड्या अन् कापसाची गाठोडी वाहिलेली बाई — तिचा पाय सरळच पडे. महिन्याभरात ती माझ्या पुढं गेली. मले वाटलं, बरं झालं, बायकोची तब्येत सुधारली.

खोटं. तसं नाही वाटलं. राग आला.

चौकातल्या टपरीवर एक जण म्हणाला, "काय वासुदेवभाऊ, बाई म्होरं अन् तुमी मांगं! पदर धरून चालता काय?" सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

मंग खामगावले म्हाताऱ्यांच्या स्पर्धा झाल्या. पंचाले गुडघा दिसला पाहिजे, म्हणून तिनं नऊवारीचा काष्टा वर खोचला, पायात पोरीचे जुने बूट घातले. मले गुडघा वाकला म्हणून तीन पंचांनी बाद केलं. मी दोरीबाहेर उभा राह्यलो, अन् ती पहिली आली. परतीच्या एसटीत तिनं मेडल पदराच्या गाठीत बांधून टाकलं — मले दिसू नये म्हणून. ते मले कळलं होतं. कळूनही —

वीसेक दिवसांनी फोन आला. घरात फोन एकच, माझ्या खिशात. गोकर्णाबाईचं नाव नाशिकच्या मोठ्या स्पर्धेले घेतलं आहे, त्यांना सांगा. मी म्हणालो, हाव, सांगतो. ती समोर अंगणात डाळ पाखडत होती. दहा पावलं असतील.

"कोनाचा फोन व्हता?"

"गॅसवाल्याचा."

इतकं सोपं होतं. अजून विश्वास बसत नाही. जीभ अडखळली नाही, छातीत काही झालं नाही. पुढं तिनं एकदाच विचारलं, "माहं नाव नाई आलं काय हो?" मी म्हणालो, नाई आलं. ती "बरं" म्हणाली अन् भाकर थापत राह्यली.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या मागं चालू लागली. दोन हात मागं. दमते आता, असं मी गावाले सांगितलं. चार वर्षं ती तशीच चालली. मागच्या पोळ्याच्या आधी ताप आला अन् आठ दिवसांत गेली.

यंदा हिवाळ्यात मी परत खामगावले गेलो. तिसरा आलो — आमच्या वयाचे तिघंच होतो. मेडल देताना एक म्हातारा पंच माझं नाव वाचून थांबला. "गोकर्णा वासुदेव तुमच्या कोण?" तो तेव्हा नाशिकले होता. म्हणाला, रेषेवर त्यांचं नाव तीन वेळा पुकारलं, पाच मिनिटं शर्यत थांबवली. छातीवर लावायचा त्यांचा नंबर टेबलावर तसाच पडून राह्यला.

मी समजत होतो, ती गोष्ट आमच्या अंगणात संपली. अन् तिकडं, तिनं कधी न पाह्यलेल्या मैदानावर तिचं नाव पुकारत होते — नावामागं माझंच नाव लावून — तीन वेळा. त्या घडीले ती काय करत होती? मले चहा देत असेल.

"का आल्या नाहीत हो त्या?" त्यानं विचारलं.

सांगायची जागा तीच होती. माणूस भला होता. ती गेलेली होती. आता कोणाले भ्यायचं होतं? अन् मी म्हणालो, "गुडघे दुखत व्हते तिचे."

मेलेल्या बाईच्या नावावर खोटं. पुन्हा. तितकंच सोपं गेलं.

गावानं सत्कार केला. फलकावर लिहिलं, की मी तिच्या आठवणीत चालतो. मी खोडायले सांगितलं नाही. फलक अजून चौकात आहे.

एक राह्यलं. मागून तिच्या पायाचा आवाज यायचा, तो बरोबर माझ्या पावलावर पडायचा. मी हळू, तर ती हळू. मी जोरात, तर ती जोरात. दमलेल्या माणसाचा पाय तसा पडत नाही. हे मले तेव्हाही ऐकू येत होतं. चार वर्षं, रोज.

तिचे गुडघे कधीच दुखले नाहीत.