दाजी तापले, गाडी तापली

दाजींसमोर कुठलंही वाक्य ‘खरं तर’ या शब्दांनी सुरू करायचं नाही, असा आमच्या घरात नियमच होता. एकदा आमचे चुलते सहज बोलून गेले, “खरं तर यंदा पाऊस बरा झाला.” दाजींनी हातातली बशी खाली ठेवली. “म्हंजी आमी आत्तापतुर खोटं सांगत हुतो व्हय?” म्हणाले आणि जेवायला न थांबता उठून गेले. चुलते बिचारे दिवसभर आपलं नेमकं काय चुकलं ते विचारत घरभर फिरत होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव पासली, वेल्ह्याच्याही पुढे डोंगरात. आम्ही भोंगवलीचे, सपाटीवरचे लोक. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि त्यांनाही मी कधी गोड लागलो नाही. तरी ते जावई आणि मी मेव्हणा. त्यांनी बोलायचं आणि मी ‘हो दाजी’ म्हणायचं, हे लग्नातच ठरून गेलेलं.

भांडणाचं मूळही लग्नातलंच. वरातीसाठी आम्ही ठरवलेली जीप नसरापूरच्या पुढे बंद पडली. नवरदेव फेट्यासकट खाली उतरले, धक्का मारून झाला, शिव्या देऊन झाल्या आणि शेवटी भाजीच्या टेम्पोतून नवरानवरी पासलीला पोचली. ‘मला कोबीच्या पोत्यावर बसवून नेलं’ हे वाक्य त्यानंतर आम्ही प्रत्येक सणाला ऐकलं. त्याच दिवशी दाजींनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “हिला म्हायेरी आनीन तर सोताच्या गाडीतनं. तुमची जीप नगं आन् ती एसटी बी नगं.” रागात माणूस बोलतो आणि विसरतो. दाजी बोलले की ते दगडावर कोरल्यासारखं असे.

गाडी घेतली तीही आम्हाला खिजवायला घेतल्यासारखी. पुण्यातल्या कुणा हौशी माणसाची जुनी पिवळी स्पोर्ट्स कार. जमिनीला टेकलेली, दबा धरून बसलेल्या बेडकासारखी. मी विचारलं, “दाजी, हिला दोनच शिटा?” ते म्हणाले, “म्हनून तर घेतली. तुमच्यापैकी कुनाला बसवायची भानगडच न्हाई.”

आणि ही गाडी तापायची. दाजींचा धंदा जेसीबीचा, यंत्रात त्यांचा हात चांगला चालायचा, पण या गाडीनं त्यांना जेरीस आणलं. वेल्ह्यापर्यंत उतारानं कशीबशी यायची आणि मार्गासनीच्या आसपास काटा लाल रेषेवर जाऊन बोनेटमधून वाफ निघायची. आम्ही भोंगवलीत पुरण वाटून बसलेलो असायचो आणि ताईचा फोन यायचा, “आम्ही परत चाललोय रे. ते लई चिडलेत.” मागून दाजींचा आवाज, “सांग त्यांना, खावा म्हनाव तुमची पुरनपोळी तुमीच!” जणू त्यांच्या इंजिनात आम्हीच जाळ घातला होता.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून हे प्रकरण गमतीचं राहिलं नाही. आईला पासलीच्या रस्त्यानं नेणं शक्य नव्हतं आणि ताईला गाडी आणत नव्हती. मी मोटरसायकल घेऊन न्यायला येतो म्हटलं, तर ताईच नको म्हणाली. “मी तशी आले तर हे पुन्हा आपल्या दारात पाय ठेवायचे नाहीत. आणि मला दोन्ही घरं पाहिजेत.” आई दारातल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायची. तिला लेक हवी होती, बाकी काही नाही. मला त्या काळात दाजींचा इतका संताप यायचा की भाऊबिजेला पासलीला गेलो तरी त्यांच्याशी बोलायचो नाही. तसेही ते गाडीखाली असत. चपला घातलेले पाय तेवढे बाहेर. ओवाळून झालं की मी त्या पायांना ‘येतो’ म्हणून निघायचो.

एक गोष्ट मात्र मी कबूल करीन, त्यांनी हार मानली नाही. आधी थर्मोस्टॅट काढून बघितला, मग नवीन बसवला. बोनेटला भोकं पाडून जाळ्या बसवल्या. पाण्याचा पंप बदलला. पुण्याहून ॲल्युमिनियमचा जाडजूड रेडिएटर मागवला आणि त्याच्या पाठीला दोन विजेचे पंखे स्वतःच्या हातानं बसवले. मार्गासनीचा फिटर बघायला आला तर त्याला म्हणाले, “मला शिकवू नगंस. तुज्या जन्माच्या आदीपासून मी इंजनं खोलतोय.” फिटर गेला तो परत आला नाही.

पंखे बसवले त्या दिवाळीला गाडी खरोखर आमच्या दारात आली. थंडीतली सकाळ होती, वाटेत दोनचार ठिकाणी थांबत, बोनेट उघडून वारा देत ते पोचले होते. तरी पोचले. आईला काय करू नि काय नको झालं. वॉकर धरून ती अंगणात आली आणि म्हणाली, “आदी गाडीला ओवाळते. तिनं माजी लेक आनली.” दाजी खूश झाले. “थांबा मामी, पंखं लावून दावतो,” म्हणत त्यांनी इंजिन चालू ठेवलं. आईनं गाडीसमोर निरांजन धरलं. ज्योत आईच्या अंगाकडे वाकली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. माझ्या पँटीला गरम वारा लागत होता. चुलत्यांच्या टोपीला लागत होता. रेडिएटरचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, हे आमच्या घरात ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हे पंखे आतली हवा बाहेर फेकत होते. गाडी धावायला लागली की समोरून येणारा वारा आणि पंख्यांचा वारा एकमेकांना अडवून धरणार, मग ती तापणार नाही तर काय होणार?

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. चुलते म्हणाले, “झकास काम केलंय हां जावईबापू.” मी म्हणालो, “हो दाजी.”

संध्याकाळी परत जाताना गाडी मार्गासनीला उकळली, हे वेगळं सांगायला नको. मी आईला म्हटलं, आता फोन करून सांगतोच. आईनं माझा हात धरला. “जावयाची चूक काडायची नसती. आपन बोलून मोकळं हुनार आन् ऐकून घ्यायला तिकडं आपली पोर हाय.” त्यापुढे बोलायची सोय नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात आईला न्युमोनिया झाला. भोरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. आई ताईचं नाव घेत होती. मी पासलीला फोन लावला. दाजींनी उचलला. “काडतो गाडी,” म्हणाले. मी म्हटलं, “दाजी, हात जोडतो, आज तेवढं ताईला एसटीनं पाठवा. तुमची गाडी मार्गासनीच्या पुढं येत नाही.” झालं! “माज्या गाडीला नावं ठिवू नका. आज आनून दावतो का न्हाई बगा!” मी ओरडायला लागलो, तेही ओरडायला लागले. माझी आई मरायला टेकली होती आणि हा माणूस गाडीचा अपमान मोजत होता. त्या क्षणी तो समोर असता तर मी नातं विसरलो असतो.

आईनं हात पुढे केला. मी मोबाईलचा स्पीकर लावून तो तिच्या तोंडाशी धरला. ती धापा टाकत बोलली, पण शब्द स्पष्ट होते.

“जावईबापू, पंखं उलटं फिरत्यात. तुमी चुकला. दिवाळीत माजं निरांजन इझलं, तवाच समद्यांना कळलं.”

 दाजी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “मामी, तवाच का न्हाई सांगितलं?”

“तुमी जावई.”

फोन बंद झाला. चुलत्यांनी कपाळाला हात लावला. आता ताई येत नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो. मी तर आईवरही चिडलो होतो. इतकी वर्षं गिळलं ते आजच कशाला ओकलीस, असं मनात आलं.

दुपार टळायच्या आत पिवळी गाडी दारात आली. वाफ नाही, काही नाही. पंख्यांच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या होत्या, तेवढ्या त्यांनी बदलल्या. ताई आत धावली. आईनं तिला ओळखलं, तिच्या हातून पेज घेतली. पुढचे काही दिवस ताईच्या मांडीवर डोकं ठेवून काढले आणि तशीच गेली. दाजी त्या दिवसांत सासुरवाडीला राहिले. ओसरीवर झोपत, औषधं आणत, आणि कुणी ‘जावईबापू’ म्हटलं की पूर्वीसारखेच खेकसत.

तेराव्यानंतर ताईची पिशवी भरून झाली. दाजी अंगणात उभे होते. मी निरोप द्यायला गेलो, तर एकदम माझ्यावर धावून आले. “तुमी समदी एका माळंचं मनी. जावई जावई करून मला येडं बनिवलंत. एक म्हातारी खरं बोलली, तीबी मरताना. आता माजं चुकलं तर सांगनारं कोन हाय मला?” त्यांचे डोळे भरले होते आणि तेही त्यांना माझ्यामुळेच झाल्यासारखं वाटत असावं.

“मी सांगीन,” मी म्हणालो. “मला फार वर्षांची हौस आहे.”

“तुमाला गाडीतलं काय कळतं?”

“गाडीतलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. तुम्ही हेकट आहात, उद्धट आहात, आणि माझ्या बहिणीला तुम्ही फार रडवलंय.”

“आन् तुमी पाठीमागं बोलनारं! तोंडावर हो दाजी, हो दाजी!”

मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेजारी कुंपणापाशी येऊन उभे राहिले. चुलते दोघांच्या मध्ये पडले, तर दोघंही त्यांच्यावरच ओरडलो. आई गेल्यापासून घरात सगळे कुजबुजत होते, त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. ताई पिशवी घेऊन दारात आली आणि तिनं आमच्याकडे बघितलं. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.