शेळगावची मंगळी आणि कानातला पिवळा बिल्ला

माझी धाकटी बहीण सुमन हिच्या नवऱ्याला लोणी देवकरच्या कारखान्यात काम लागलं. दुसऱ्या दिवशी दोघं तिथल्या एका खोलीत राहायला जाणार होती. खोलीत गाय कुठं बांधणार? म्हणून त्यांच्या गाभण मंगळीला शेळगावाहून बारामतीला माझ्याकडं आणायला मी निघाले.

सकाळची पूजा उरकून भाकऱ्या बांधल्या आणि इंदापूरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं जाणं स्वस्तात झालं. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच डाळिंबाच्या बागा. परतीसाठी रशीदभाईंचा पिकअप अठराशेला ठरवला होता. आधी दोन हजार म्हणत होते.

शेळगावात मंगळी गाडीत चढली. सुमन तिच्याशेजारी उभी राहिली, मी पुढं बसले. थोडं अंतर गेलो तोच जनावरांच्या गाड्या तपासणाऱ्यांनी हात केला. एकानं मंगळीचे दोन्ही कान चाचपले.

"कानातला नंबराचा बिल्ला कुठाय?"

सुमन म्हणाली, "देवीला सोडलेली गाय हाय. तिचा कान टोचायचा न्हाय."

आमच्या आईचा नवस होता तो. गोठ्यातली पहिली कालवड देवीची, तिचं दूध घ्यायचं, पण कान कोरा ठेवायचा.

"मग गाडी मागं घ्या. बिल्ल्याशिवाय जनावर हलवता येत नाही."

उद्या सुमनच्या घराला कुलूप लागणार. दावणीला एकटी गाभण गाय कोण बघणार?

रशीदभाई म्हणाले, "आक्का, दवाखान्यात जाऊ. पण उन्हात जनावर किती तंगवायचं?"

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मंगळीला ओळखलं. "लाळ्या-खुरकुताची लस मीच टोचलीय हिला. पण बिल्ल्याचा नंबर नाही, तर ती लस वर कुणाला दिसतच नाही."

"वर म्हंजी कुठं?" सुमननं विचारलं.

"पार परदेशात. जनावरांच्या रोगांवर देशादेशांची मिळून एक संस्था आहे. आपला भाग रोगमुक्त झालाय असं तिनं मानलं, तर आपला माल बाहेर जातो. तिला प्रत्येक जनावराची नोंद लागते. दिल्लीनं ते धरलं, मुंबईनं आदेश काढला, तो माझ्या टेबलावर आला."

"त्यांनी आमची देवी बघितलीया का?"

"देवी नाही बघितली, सुमनताई. रोग बघितलाय. खुरं सडलेली गाय तुम्हीही बघितली असेल."

रशीदभाई हळूच म्हणाले, "गळ्यात बांधला तर न्हाय का चालणार?" बाईंनी नकारार्थी मान हलवली. उन्हानं मंगळीच्या तोंडाला फेस येत होता. मी रोज देवापुढं दिवा लावणारी बाई. टोचा म्हणायला जीभ उचलेना, नको म्हणायलाही.

सुमननंच मंगळीची मान कवेत घेतली. "उजव्या कानात टोचा."

खट्ट आवाज झाला. मंगळीनं जोरात डोकं झाडलं. सुमननं स्वतःच्या कानातल्या कुड्या काढल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि म्हणाली, "तिच्या कानात गेलं, तर माझ्या कानातलं देवीला. माघारी जाताना देवळात वाहते. तू हो म्होरं, आक्का."

बाईंनी जनावर नेण्याचं पत्र दिलं. सुमन तिथूनच शेळगावला वळली. रशीदभाईंनी थांबल्याचे जादा पैसे मागितले नाहीत. मी भाकरी दिली, ती त्यांनी गाडी चालवतच खाल्ली.

तुम्ही असं जनावर आणायला निघणार असाल, तर गाडी ठरवायच्या आधी त्याचे कान बघा, अन् बिल्ला नसेल तर आधी दवाखाना गाठा. आम्ही उलटं केलं.

मंगळी आता आमच्या परसात रुळली आहे. तिला कुंकू लावताना बिल्ला माझ्या बांगड्यांवर आपटतो. ज्या संस्थेचं नावही मला ठाऊक नाही, तिचा शब्द इथवर पोचला, हे अजून पचत नाही. पण गोठ्यात सडलेली खुरं बघायची वेळ नको, हेही मनापासून वाटतं.

काल सुमनचा व्हिडिओ कॉल आला. तिचे कान मोकळेच होते.

"कान दाव तिचा."

मी फोन मंगळीच्या डाव्या, कोऱ्या कानाजवळ नेला.

"त्यो न्हाय, आक्का," ती म्हणाली. "टोचलेला दाव. चिघळला न्हाय न्हवं?"